पाळीच्या तारखा आधी विचारा : तरुण मुलींवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांना खुले पत्र

किशोरवयीन मुलींना आणि विशीतल्या तरुणींना तपासणाऱ्या सर्व डॉक्टरांस,

सप्रेम नमस्कार.

मी तरुण मुलींची समुपदेशक आहे, डॉक्टर नाही. अभ्यासाचा ताण, झोप, खाणे, घरातली नाती अशा विषयांवर बोलायला मुली माझ्याकडे येतात आणि बोलता बोलता पाळीचा विषय निघतो. पूर्वी महिन्याच्या महिन्याला येणारी पाळी आता दोन-दोन महिने पुढे जाते, किंवा पंधरा-वीस दिवसांतच पुन्हा येते. डॉक्टरांना दाखवले का, असे विचारले की बहुतेकींचे उत्तर दोहोंपैकी एक असते. काहींना "या वयात असे चालतेच, आपोआप ठीक होईल" असे सांगून परत पाठवलेले असते. काहींना "तीन महिने या गोळ्या घे, पाळी नियमित होईल" असे सांगून चिठ्ठी लिहून दिलेली असते. ही दोन्ही उत्तरे काही मुलींच्या बाबतीत अगदी योग्य असतात, हे मी जाणते. माझे म्हणणे एवढेच आहे की, गेल्या सहा महिन्यांत पाळी कोणकोणत्या तारखांना आली हे विचारल्याशिवाय यांपैकी कोणते उत्तर कोणत्या मुलीला लागू पडते ते कळू शकत नाही, आणि नेमका तोच प्रश्न अनेकींना विचारला गेलेला नसतो.

हा आग्रह मी माझ्या मनाने धरलेला नाही. अमेरिकेतील प्रसूती व स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००६ मध्ये आणि पुन्हा २०१५ मध्ये असे मत मांडले की, मुलींच्या मासिक पाळीकडे नाडी, श्वसन आणि रक्तदाब यांच्या बरोबरीचे आरोग्यलक्षण म्हणून पाहावे. कोणताही डॉक्टर नाडी न मोजता "नाडी ठीक आहे" असे कागदावर लिहीत नाही. पाळीच्या रकान्यात मात्र "नियमित" किंवा "अनियमित" एवढा एकच शब्द लिहिलेला मी वारंवार पाहते, आणि तो शब्दही बहुधा मुलीने स्वतःच सांगितलेला असतो. तिच्या मनातले "नियमित" आणि आपल्या पुस्तकातले "नियमित" एकच आहे, असे गृहीत धरण्याला काहीच आधार नसतो.

पाळी सुरू झाल्यानंतरची पहिली काही वर्षे चक्राची लांबी, म्हणजे एका पाळीच्या पहिल्या दिवसापासून पुढच्या पाळीच्या पहिल्या दिवसापर्यंतचे दिवस, कमी-जास्त होते, यात वाद नाही. मेंदूतल्या हायपोथॅलॅमसकडून येणाऱ्या संप्रेरकाच्या स्पंदांना पिट्यूटरी ग्रंथीने प्रतिसाद द्यायचा, त्यातून बीजकोशातली पुटिका (स्त्रीबीज धरून असलेली लहान पिशवी) वाढायची, तिच्यातले इस्ट्रोजेन पुरेसे वाढले की पिट्यूटरीतून एलएच हे संप्रेरक एकदम उसळायचे आणि मग स्त्रीबीज बाहेर पडायचे, ही सारी साखळी आपल्याला पाठ आहे. तिच्यातला शेवटचा दुवा, म्हणजे वाढलेल्या इस्ट्रोजेनला एलएचच्या उसळीने उत्तर देणे, पक्का व्हायला सर्वात जास्त वेळ लागतो. तोवर अनेक चक्रे स्त्रीबीज बाहेर न पडताच संपतात. स्त्रीबीज बाहेर पडत नाही तेव्हा प्रोजेस्टेरॉन तयार होत नाही, गर्भाशयाचे अस्तर इस्ट्रोजेनच्या प्रभावाखाली वाढत राहते आणि केव्हा तरी, ठरलेल्या वेळेशिवाय आणि पुष्कळदा बरेच दिवस, गळत राहते. "या वयात चालतेच" या वाक्यामागे हे खरे शास्त्र आहे.

परंतु या अनियमिततेलाही हद्द आहे आणि ती आकड्यांत सांगता येते. पहिल्या वर्षात दोन पाळ्यांमधले अंतर सरासरी ३२ दिवसांच्या आसपास असते आणि बहुतेक चक्रे २१ ते ४५ दिवसांत बसतात. तिसऱ्या वर्षापर्यंत ६० ते ८० टक्के चक्रे २१ ते ३४ दिवसांची, म्हणजे प्रौढ स्त्रियांसारखी झालेली असतात. पीसीओएस, म्हणजे पुरुषी संप्रेरके वाढून स्त्रीबीज नियमित बाहेर न पडण्याचा विकार, याविषयीच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी, २०१८ मध्ये आणि नंतर २०२३ च्या आवृत्तीतही, हीच हद्द पाळीच्या वयानुसार आखून दिली आहे. पहिल्या वर्षात अनियमितता स्वाभाविक मानावी. एक ते तीन वर्षांच्या काळात २१ दिवसांहून कमी किंवा ४५ दिवसांहून जास्त अंतर अनियमित समजावे. तीन वर्षांनंतर २१ हून कमी, ३५ हून जास्त, किंवा वर्षभरात आठाहून कमी पाळ्या अनियमित समजाव्यात. आणि पहिले वर्ष उलटल्यावर एखादे चक्र जरी ९० दिवसांहून लांबले तरी त्याची दखल घ्यावी. यातले "एखादे" फार महत्त्वाचे आहे. तीन महिने पाळी न आलेल्या मुलीला "आणखी दोन-तीन महिने वाट पाहू" असे सांगितले जाते, तेव्हा तिची वाट पाहण्याची मुदत आधीच संपलेली असते.

या सूचनांमध्ये मुलीचे वय वापरलेले नाही. पाळी सुरू होऊन किती काळ झाला, ते वापरले आहे. अकराव्या वर्षी पाळी आलेली आणि पंधराव्या वर्षी पाळी आलेली, पाळीला अजून वर्ष न झालेली, अशा दोन मुली सोळाव्या वर्षी पन्नास दिवसांच्या चक्राची तक्रार घेऊन आल्या, तर पहिलीची तपासणी व्हायला हवी आणि दुसरीला, इतर काही लक्षण नसेल तर, काही महिने तारखा लिहून पुन्हा यायला सांगणे पुरेसे ठरू शकते. दोघींनाही "सोळा वर्षांची आहेस, चालते" असे एकच उत्तर दिले, तर त्यातले एक चुकीचे आहे. म्हणून पहिली पाळी केव्हा आली हा प्रश्न तारखांच्या प्रश्नाच्याही आधी यायला हवा.

"या वयात चालतेच" असा धीर देताना आणखी एक गोष्ट लक्षात असावी. अमेरिकेतील सत्तर हजारांहून अधिक स्त्रियांच्या माहितीवर आधारलेला एक अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. १९५० ते १९६९ या काळात जन्मलेल्या स्त्रियांना पहिली पाळी सरासरी साडेबाराव्या वर्षी आली होती. २००० ते २००५ मध्ये जन्मलेल्यांमध्ये ते वय ११.९ वर आले. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, पहिल्या पाळीपासून दोन वर्षांत चक्र नियमित झाल्याचे सांगणाऱ्यांचे प्रमाण ७६ टक्क्यांवरून ५६ टक्क्यांपर्यंत खाली आले. ही माहिती आठवणीवर विसंबलेली आहे आणि एकाच देशातली आहे, हे मान्य करूनही मला त्यातून एक गोष्ट दिसते : नियमित व्हायला लागणारा काळ जर लांबत असेल, तर "आपोआप ठीक होईल" असे सांगून पाठवलेल्या मुली वाढत जाणार आणि त्यांच्यात खरोखर आजारी असलेली मुलगी ओळखणे अधिक अवघड होत जाणार.

अठ्ठावीस दिवसांच्या मोजपट्टीबद्दलही लिहिले पाहिजे, कारण तिने उलट बाजूचे नुकसान केले आहे. मिनेसोटा विद्यापीठात १९३४ पासून गोळा झालेल्या नोंदींवरून ॲलन ट्रेलोर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ मध्ये दाखवून दिले की, चक्राची लांबी स्त्रीच्या आयुष्यभर बदलत राहते, आणि हा चढउतार पाळी सुरू झाल्यानंतरच्या व पाळी थांबण्याआधीच्या वर्षांत सर्वाधिक असतो. २०१९ मध्ये सहा लाखांहून अधिक चक्रांचा अभ्यास झाला, त्यात सरासरी २९.३ दिवसांची आली. स्त्रीरोगतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या २०१८ च्या व्याख्येनुसार प्रौढ स्त्रीसाठी २४ ते ३८ दिवस ही सामान्य मर्यादा आहे, आणि १८ ते २५ या वयात सर्वात लहान व सर्वात लांब चक्रातला फरक नऊ दिवसांपर्यंत असला तरी चक्र नियमितच समजायचे. म्हणजे एकदा २७ आणि एकदा ३४ दिवसांनी पाळी येणारी बावीस वर्षांची तरुणी पूर्णपणे निरोगी असू शकते. अशा तरुणीही माझ्याकडे येतात, आपल्यात काही तरी बिघडले आहे असे धरून बसलेल्या असतात, आणि काही जणी त्यासाठी औषधही घेत असतात. त्यांच्या बाबतीतही तारखा पाहणे एवढाच उपाय पुरेसा ठरला असता.

तारखा विचारल्या की मोजण्यातल्या चुकाही उघड होतात. पुष्कळ मुली पाळी संपल्याच्या दिवसापासून पुढची सुरू होईपर्यंत मोजतात, त्यामुळे त्यांचे चक्र चार-पाच दिवसांनी लहान दिसते. कित्येकींना पाळी दर महिन्याच्या त्याच तारखेला यायला हवी असे वाटते. एखादीला ३ मार्चला पाळी आली आणि पुन्हा २९ मार्चला आली, तर ती घाबरून "महिन्यातून दोनदा पाळी येते" असे सांगते. प्रत्यक्षात ते २६ दिवसांचे साधे चक्र असते. काही जणी मध्येच लागलेल्या डागालाच पाळी समजतात. मोबाइलवरची ॲप दाखवतात ती सरासरीही फसवी ठरू शकते. २४, ५१, २७ आणि ४६ दिवस अशी चार चक्रे असतील तर सरासरी ३७ येते आणि ती मर्यादेत दिसते, पण या मुलीच्या सर्वात लहान आणि सर्वात लांब चक्रात २७ दिवसांचा फरक आहे. कृपया सरासरी विचारू नका, प्रत्येक पाळीचा पहिला दिवस विचारा.

त्या तारखा हातात आल्या की पुढचे प्रश्नही अधिक नेमके विचारता येतात. स्त्रीबीज बाहेर पडल्यापासून पाळी येईपर्यंतचा काळ साधारण बारा ते चौदा दिवसांचा असतो आणि तो तुलनेने स्थिर राहतो. लांबतो किंवा आखडतो तो मुख्यतः त्याआधीचा काळ. याचा अर्थ असा की, एखाद्या मुलीची पाळी आज पंधरा दिवस उशिरा आली असेल, तर उशीर करणारे कारण या आठवड्यातले नसून तीन ते सहा आठवड्यांपूर्वीचे असते. मुली मात्र कालच्या भांडणाकडे किंवा परवाच्या जागरणाकडे बोट दाखवतात. त्या मागच्या काळात ताप आला होता का, परीक्षा होती का, खाणे कमी केले होते का, आपत्कालीन गर्भनिरोधक गोळी घेतली होती का, नवे औषध सुरू झाले होते का, हे विचारले तर उत्तर पुष्कळदा तिथे सापडते.

खाण्याच्या प्रश्नावर मला अधिक बोलायचे आहे, कारण माझ्या अनुभवात सर्वात जास्त दुर्लक्ष याच कारणाकडे होते. शरीराला मिळणारी ऊर्जा कमी पडू लागली की हायपोथॅलॅमसचे स्पंद मंदावतात आणि पाळी लांबत लांबत बंद होते. व्यायामात खर्च झालेली ऊर्जा वजा करून उरलेली ऊर्जा, चरबी सोडून उरणाऱ्या शरीराच्या दर किलोमागे, दिवसाला ३० किलोकॅलरीच्या खाली गेली की एलएचच्या स्पंदांत बिघाड सुरू होतो, असे २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात दिसले होते, आणि तोही अवघ्या पाच दिवसांत. ही उंबरठ्याची रेषा प्रत्येकीला तंतोतंत लागू होत नसेल, पण दिशा स्पष्ट आहे. अशी मुलगी बारीक दिसेलच असे नाही. तिचे वजन सामान्य असू शकते. ती मैदानावर उत्तम खेळत असते, घरचे आणि प्रशिक्षक तिच्या शिस्तीचे कौतुक करत असतात, आणि वजन उतरल्याबद्दल दवाखान्यातही तिला शाबासकी मिळते. तिची पाळी पंचेचाळीस, मग साठ, मग शंभर दिवसांवर गेली, ही एकच गोष्ट त्या शिस्तीमागे काय चालले आहे ते सांगत असते. हाडे भक्कम होण्याची मुख्य वर्षे हीच आहेत. या वर्षांत इस्ट्रोजेन कमी राहिले तर हाडांत जी भर पडायची ती पडत नाही, आणि नंतर ती पूर्णपणे भरून निघेल याची खात्री नसते. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०१४ पासून खेळाडूंमधील या ऊर्जातुटीला स्वतंत्र नाव देऊन डॉक्टरांचे लक्ष तिच्याकडे वेधले आहे. पण ती खेळाडूंपुरती मर्यादित नाही.

नेमक्या अशा मुलीला पाळी "आणण्यासाठी" संयुक्त गर्भनिरोधक गोळ्या दिल्या जातात, तेव्हा मला खरोखर काळजी वाटते. गोळ्यांच्या खंडाच्या दिवसांत येणारा रक्तस्राव हा संप्रेरक थांबल्यामुळे होणारा रक्तस्राव असतो; बीजकोश आणि मेंदू यांचे काम पुन्हा सुरू झाल्याची ती खूण नसते. मुलीला आणि तिच्या आईला मात्र ती पाळीच वाटते, दर २८ दिवसांनी येते म्हणून समाधान वाटते, आणि जी एक धोक्याची सूचना मिळत होती ती बंद होते. अंतःस्रावशास्त्राच्या अमेरिकेतील सोसायटीने २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत असे सुचवले आहे की, हायपोथॅलॅमसमुळे थांबलेल्या पाळीत केवळ पाळी यावी किंवा हाडांची घनता वाढावी एवढ्याच हेतूने या गोळ्या देऊ नयेत. आधी खाणे, व्यायाम आणि मानसिक ताण यांवर काम करावे. मी गोळ्यांच्या विरोधात नाही. पीसीओएसमध्ये, अतिरक्तस्रावात, अस्तर अवाजवी वाढू नये म्हणून, त्या उत्तम काम करतात, आणि एखाद्या तरुणीला त्या गर्भनिरोधनासाठी हव्या असतील तर तो तिचा निर्णय आहे. फक्त कारण शोधल्यावर त्या द्याव्यात, आणि देताना "या गोळ्यांनी तुझे चक्र दुरुस्त होणार नाही, गोळ्या थांबवल्यावर आपण पुन्हा तारखा पाहू" एवढे सांगावे, अशी माझी विनंती आहे.

कारण शोधणे याचा अर्थ सर्वात आधी सोनोग्राफी, असा मात्र होऊ नये. किशोरवयात बीजकोशात अनेक लहान पुटिका दिसणे सामान्य आहे, आणि म्हणूनच मी वर उल्लेखलेल्या आंतरराष्ट्रीय सूचना पहिल्या पाळीनंतर आठ वर्षांपर्यंत पीसीओएसच्या निदानासाठी सोनोग्राफी वापरू नये असे सांगतात. २०२३ च्या आवृत्तीने किशोरवयात एएमएच या, बीजकोशातल्या पुटिकांतून येणाऱ्या संप्रेरकाच्या तपासणीबद्दलही हेच सांगितले आहे. या वयात निदानासाठी अनियमित चक्र आणि पुरुषी संप्रेरकांचे आधिक्य, ही दोन्ही हवीत. तरीही चौदा-पंधरा वर्षांच्या मुली सोनोग्राफीचा कागद हातात घेऊन "मला पीसीओडी आहे" (पीसीओएसलाच हे नाव रूढ आहे) असे सांगत येतात, तो शिक्का वर्षानुवर्षे बाळगतात, आपल्याला मूल होणार नाही असे मनोमन धरून चालतात, आणि वजन उतरवण्यासाठी उपाशी राहू लागतात. ज्या मुलीचे चक्र मुळातच कमी खाण्यामुळे लांबले आहे, तिला असा सल्ला मिळाला तर काय होईल, याचा विचार आपण करावा. गरोदरपणाची चाचणी, थायरॉइड, प्रोलॅक्टिन (दूध तयार करवणारे संप्रेरक), वजनातला बदल, चालू औषधे, विशेषतः मनोविकारांवरची प्रोलॅक्टिन वाढवणारी औषधे, यांची चौकशी सोनोग्राफीहून स्वस्त आहे आणि बहुतेक वेळा अधिक उपयोगी आहे.

तारखा नोंदवल्या तर काय साधते, याचे ठळक उदाहरण आपण सर्वांनी पाहिले आहे. २०२१ मध्ये कोविडची लस घेतल्यानंतर पाळी पुढे गेल्याचे असंख्य तरुणी सांगू लागल्या. लसींच्या मूळ चाचण्यांत पाळीची नोंद घेतली गेली नव्हती, त्यामुळे त्यांना काय उत्तर द्यावे ते कोणालाच ठाऊक नव्हते. काहींनी "तुमचा भास आहे" म्हटले, तर काहींनी लसीमुळे वंध्यत्व येते अशी भीती पसरवली. जानेवारी २०२२ मध्ये ॲपवर आधीपासून तारखा लिहीत असलेल्या सुमारे चार हजार अमेरिकी स्त्रियांचा अभ्यास आला आणि दोन्ही बाजूंचे बोलणे थांबायला आधार मिळाला : लसीनंतरचे चक्र सरासरी एका दिवसाहूनही कमी लांबले होते, रक्तस्रावाचे दिवस बदललेले नव्हते. एकाच चक्रात दोन्ही मात्रा घेतलेल्यांमध्ये फरक अधिक होता, पण तो पुढच्या चक्रांत ओसरत होता. त्या स्त्रिया खरे सांगत होत्या, आणि घाबरण्याचे कारणही नव्हते. हे दोन्ही एकाच वेळी सांगता आले ते केवळ लिहिलेल्या तारखांमुळे.

आपला वेळ थोडा असतो आणि बाहेर रांग असते, हे मी पाहिले आहे. तारखांचे काम त्या वेळातच व्हावे असे मी म्हणत नाही. नाव आणि वय लिहून घेणारी व्यक्ती शेवटच्या सहा पाळ्यांचे पहिले दिवस आणि पहिल्या पाळीचे वर्ष लिहून घेऊ शकते. मुलीला आठवत नसेल तर तेही लिहावे आणि पुढच्या भेटीपर्यंत नोंद ठेवायला सांगावे. तिची पाळी थांबून ९० दिवस उलटले असतील, अतिरक्तस्राव असेल किंवा गरोदरपणाची शंका असेल, तर मात्र त्या भेटीची वाट पाहू नये.

आणखी एक विनंती आहे, आणि ती मुलींनी मला पुन्हा पुन्हा सांगितलेल्या गोष्टींतून आलेली आहे. तपासणीच्या खोलीत आई-वडील असताना मुलगी तारखा सांगते, पण जेवण टाळते हे सांगत नाही, जेवल्यावर उलटी काढते हे सांगत नाही, आपत्कालीन गोळी घेतली हे तर कधीच सांगत नाही. "मला हिच्याशी पाच मिनिटे एकटीशी बोलायचे आहे, सगळ्याच मुलींशी मी बोलते" असे आपण सहजपणे म्हटले तर घरच्यांना त्यात वावगे वाटत नाही. स्वतः मुलगी तसे म्हणूच शकत नाही. ती पाच मिनिटे तिला द्यावीत, तपासणीची गरज पडली तर तिची परवानगी घेऊन, सोबतीला कोणी हवे असल्यास ते विचारून ती करावी, आणि जे कळले त्यातले घरच्यांना काय सांगायचे हे आधी तिच्याशी बोलून ठरवावे.

आपली नम्र,
तरुण मुलींची एक समुपदेशक